कौलांवरचा पाऊस

मृग नक्षत्र लागते त्या सुमाराची एखादी रात्र आठवून पाहावी. दिवसभर हवा कोंडलेली असते, वाडीतले पानही हललेले नसते. मध्यरात्रीनंतर केव्हातरी कौलांवर पहिला थेंब पडतो. मग दुसरा, जरा दूरवर. मग क्षणभर काहीच नाही; आणि मग साऱ्या छपरावरून एकदम सर धावत जाते. घरातली माणसे एकामागून एक जागी होतात, पण कोणी उठत नाही. अंधारात कोणीतरी एवढेच म्हणते, "आला." कोण आला हे विचारावे लागत नाही. वसईकडच्या जुन्या घरांत वाढलेल्या आणि आज साठी ओलांडलेल्या कोणालाही ही रात्र ओळखीची वाटेल.

त्याच माणसाचा नातू आज स्लॅबच्या घरात, लोटलेल्या खिडकीआड, डोक्यावरच्या पंख्याच्या आवाजात झोपतो. रात्री पाऊस येऊन गेला हे त्याला सकाळी ओले अंगण पाहून कळते. पाऊस बदललेला नाही. जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो आजही त्याच समुद्रावरून येतो आणि त्याच वाड्यांवर पडतो. बदलले आहे ते त्याच्या आणि आपल्या मधले छप्पर. पावसाला इतिहास नसतो असे आपण समजतो. परंतु पावसाच्या आवाजाला तो असतो, कारण तो आवाज निम्मा आपणच घडवलेला असतो. रोजच्या जगण्यात पाठीमागे राहणाऱ्या अशा आवाजांचा आपल्यावर काय परिणाम होतो आणि ते हरवतात तेव्हा नेमके काय हरवते, याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

आपल्या भाषेपासूनच सुरुवात करू. पावसाचे वर्णन करताना मराठी माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबतो. रिपरिप, पिरपिर, झिमझिम, टपटप, धो धो हे सारे शब्द ऐकून घडलेले आहेत. रिपरिप आणि पिरपिर यांत पडणाऱ्या पाण्याचा फरक फारसा नाही, ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीचा आहे. पिरपिर म्हणणारा माणूस पावसाला कंटाळलेला असतो. मुसळधार हा शब्द घरातल्या उखळाशेजारून आला आहे. छपराच्या कडेवरून गळणाऱ्या धारांना आपण पागोळ्या म्हणतो आणि त्या जिथून गळतात तिला वळचण. हा शब्दसंग्रह अशा लोकांनी जमवला आहे, जे चार महिने पावसाच्या अगदी कानाशी राहत होते. ज्या घराला वळचणच नाही, त्या घरातल्या मुलाला पागोळी हा शब्द पाठ्यपुस्तकातून शिकावा लागतो.

वस्तुतः पडणारा थेंब जवळजवळ मुका असतो. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. पाच मिलिमीटरच्या टपोऱ्या थेंबाचा वेग नऊ मीटरपर्यंत जातो. पण या साऱ्या प्रवासात त्याचा आवाज आपल्या कानी येत नाही. तो काहीतरी गाठतो तेव्हाच आवाज होतो. पाण्यावर पडणाऱ्या थेंबाची गोष्ट तर अधिकच नवलाची आहे. तेथे ऐकू येणारा टपोरा स्वर बहुतांशी आघाताचा नसतो. थेंबाबरोबर पाण्याखाली कोंडला गेलेला हवेचा बुडबुडा कंप पावतो, त्याचा तो स्वर असतो. बुडबुडा जितका लहान तितका स्वर उंच, हे गणित मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली मांडले. विहिरीत पडणारा पाऊस आणि अंगणातल्या डबक्यात पडणारा पाऊस आपल्याला वेगळा ऐकू येतो, याचे कारण असे अगदी बारीक आहे.

म्हणजे पाऊस ऐकणे हे खरे पाहता पाऊस ज्यावर पडतो ते सारे ऐकणे होय. ही गोष्ट एका अंध माणसाने जितक्या नेमकेपणाने सांगितली आहे तितकी क्वचितच कोणी सांगितली असेल. जॉन हल हे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात धर्मशिक्षणाचे अध्यापन करीत. मध्यम वयात त्यांची दृष्टी गेली आणि १९८३ पर्यंत प्रकाशाची जाणीवही उरली नाही. आपल्या अंधत्वाच्या अनुभवांच्या नोंदी त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. त्यांतून १९९० साली 'टचिंग द रॉक' हे पुस्तक निघाले. त्यातल्या एका नोंदीत ते पावसाच्या वेळी घराचे दार उघडून उभे आहेत. एरवी अंध माणसाला समोरचे जग कळते ते तुकड्यातुकड्यांनी. हाताला लागेल तेवढे, किंवा आवाज करील तेवढे. पण पाऊस सर्वांवर एकदम पडत होता. हिरवळीवर एक आवाज, पायवाटेवर दुसरा, कुंपणाच्या झाडोऱ्यावर तिसरा, छपरावर आणि पन्हळीत आणखी निराळा. ज्या बागेची रूपरेषा ते गमावून बसले होते, ती पावसाने त्यांना पुन्हा एकसंध आणून दिली. घरातल्या खोलीतही असाच पाऊस पडता तर खोलीतल्या वस्तू मला कळल्या असत्या, असे त्यांना वाटून गेले. आपण डोळसही रात्रीच्या अंधारात अंधच असतो. जुन्या घरात अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्याला केळीची पाने कोणत्या बाजूला, न्हाणीचा पत्रा कुठे आणि विहीर कुठे हे ऐकू येत असे. घर आणि वाडी यांचा नकाशा पाऊस दर रात्री नव्याने काढीत असे.

अशा आवाजांकडे अभ्यासकांचे लक्ष तसे उशिराच गेले. कॅनडातील संगीतकार मरे शेफर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात या विषयावर काम सुरू केले. डोळ्यांना जसा देखावा असतो तसा कानांना ध्वनिपरिसर असतो, आणि गावाच्या इमारतींइतकाच तोही जतन करण्याजोगा असतो, असे त्यांचे म्हणणे. १९७५ साली त्यांच्या सहकाऱ्यांच्या पथकाने स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि स्कॉटलंड येथील प्रत्येकी एका खेड्यात राहून तेथले आवाज टिपले. १९७७ मध्ये शेफर यांचे 'द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड' हे पुस्तक आले. त्यात त्यांनी आवाजांचे तीन प्रकार कल्पिले. काही आवाज इशारा देतात, जसा भोंगा. काही आवाज त्या गावाची खूण असतात, जशी त्या गावच्या देवळाची घंटा. आणि काही आवाज पाठीमागे सतत असतात. त्यांच्याकडे कोणी मुद्दाम कान देत नाही, पण बाकीचे सारे त्यांच्या आधाराने ऐकले जाते. आपल्याला हा तिसरा प्रकार समजावून द्यावा लागत नाही. मैफलीत तानपुरा कोणी ऐकायला जात नाही. पण तो थांबला तर गाणे पोरके होते.

वसईच्या वाड्यांचा तानपुरा एके काळी कोणता होता? पश्चिमेला समुद्राची गाज, वाडीत विहिरीवरच्या रहाटाची करकर आणि गाडग्यांतून पन्हळीत पडणारे पाणी, पहाटे घराघरांतले जाते, दुपारी उखळ, आणि या सर्वांवर दिवसाचे भाग पाडणारी चर्चची घंटा. दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करण्याचा आदेश पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी १४५६ साली दिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी आंजेलुसची जी घंटा पुढे रूढ झाली, ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. मनगटी घड्याळ नसलेल्या माणसाला ती प्रार्थनेची जशी, तशीच भाकरीची आणि विश्रांतीचीही हाक होती. पावसाळ्यात, सूर्य आठ आठ दिवस दिसत नसे तेव्हा, वेळ कळण्याचे दुसरे साधन तरी काय होते?

या घंटांच्या नशिबी मोठा प्रवास होता. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला पडला. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन अशा संघांची मठमंदिरे होती. तेथल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठा मुलखात नेण्यात आल्या आणि देवळांना अर्पण झाल्या. भीमाशंकरला अशी एक घंटा आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी, १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिरात दुसरी आहे. ती इतकी प्रसिद्ध झाली की त्या देवळाचे नाव घंटेवाचून कोणी घेत नाही. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर, जी घंटा टांगलेली आहे तिच्यावर बाळ येशूसह मरियेची आकृती ओतलेली आहे. अडीचशेहून अधिक वर्षे त्या घंटा तेथल्या भाविकांच्या दिवसात मिसळून गेल्या आहेत. मेणवलीच्या घाटावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला तो त्याच्या गावचा आवाज आहे, आणि ते खरेही आहे. धातूला धर्म नसतो. ऐकणाऱ्यांच्या पिढ्या त्याला अर्थ देतात.

तरीही १७३९ च्या त्या पावसाळ्याची कल्पना करावीशी वाटते. युद्ध मे महिन्यात संपले आणि पाठोपाठ पाऊस आला. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणाला मुभा होती आणि खेड्यांतला समाज जागचा हलला नाही. शेते तीच होती, लावणी व्हायचीच होती. पण किल्ल्याच्या बाजूने येणारा, पिढ्यान्‌पिढ्या कानांत बसलेला घंटांचा नाद मात्र थांबला होता. बखरींत आणि पत्रव्यवहारांत तोफांचे आवाज नोंदले गेले आहेत, हे कोणी नोंदलेले नाही. पाठीमागचा आवाज थांबल्याची नोंद सहसा होत नाही.

अशी उणीव माणसांना किती जाणवते हे पाहावयाचे तर फ्रान्सकडे वळावे लागेल, कारण तेथे हा प्रसंग साऱ्या देशावर आला आणि त्याची कागदपत्रे उरली. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ च्या जुलैमध्ये, दर धर्मग्रामाला एकच घंटा ठेवून बाकीच्या तोफांच्या कारखान्यात धाडण्याचा हुकूम निघाला. इतिहासकार आलँ कोर्बाँ यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घंटांचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास मांडला आहे. गावकऱ्यांनी घंटा लपवल्या, त्यांच्यासाठी शेजारच्या गावांशी आणि अधिकाऱ्यांशी झगडे केले. त्या झगड्यांत भक्ती होती, परंतु केवळ भक्तीच नव्हती. घंटेचा आवाज जिथवर पोचतो तिथवर आपले गाव, अशी त्या लोकांची जाणीव होती. शेतात चुकलेल्याला, धुक्यात सापडलेल्याला तो आवाज घराची दिशा दाखवी. वादळ परतवण्यासाठीही घंटा वाजवण्याची युरोपात जुनी चाल होती. विजा चमकत असता उंच मनोऱ्याखाली ओला दोर धरून उभे राहणारे घंटावाले प्राणास मुकत, म्हणून अठराव्या शतकात तिच्यावर ठिकठिकाणी बंदी आली. पावसाच्या आवाजाला आपल्या आवाजाने उत्तर द्यावे, ही त्यामागची प्रेरणा मात्र आपण समजू शकतो.

आमच्या भागात नवा आवाज आला तो रुळांवरून. मुंबईकडे येणारा लोहमार्ग १८६४ च्या नोव्हेंबरात वसईवरून ग्रँट रोडपर्यंत पोचला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली. वाफेच्या इंजिनाची शीळ हे दुसरे घड्याळ झाले. घंटा सांगे ती वेळ देवाची आणि शेताची होती. शीळ सांगे ती नोकरीची. १९३६ साली विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या आणि शीळही गेली. वाड्यांतल्या रहाटांच्या जागी आधी तेलाची इंजिने, मग विजेचे पंप आले. जाते गेले, गिरणी आली. यांतली कोणतीही गोष्ट वाईट म्हणता येणार नाही. पहाटे चारला उठून दळणाऱ्या आईला जात्याचा सूर गोड वाटत होता काय, हे तिलाच विचारायला हवे होते.

छपराचा इतिहासही असाच पायरीपायरीने घडला. गवताचे किंवा झावळ्यांचे छप्पर पाऊस जवळजवळ गिळून टाकते; आत येते ती नुसती सळसळ. कुंभाराची नळीची कौले आली तशी त्या सळसळीला खण्‌खणीत कड आली. दर वर्षी पावसाआधी ती कौले चाळावी लागत आणि माकडांनी फोडलेली बदलावी लागत. मग मंगलोरी कौले आली. एकमेकांत अडकणारी चपटी कौले फ्रान्समध्ये अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी १८४० च्या सुमारास काढली. त्या धर्तीवर बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगलोरला, नेत्रावती नदीच्या मातीतून, कौलांचा कारखाना उभा केला. पाठोपाठ तेथल्या अल्बुकर्क या कॅथलिक घराण्यानेही या धंद्यात नाव काढले. ही लाल कौले समुद्रमार्गे साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. चर्च, शाळा, घर, बाजार, सर्वांवर एकच छप्पर आले, आणि म्हणून पावसाचा एकच आवाज आला. चारशे मैलांच्या किनाऱ्यावरच्या माणसांनी जून महिन्यात रात्री जे ऐकले ते सारखेच होते. त्या आवाजाला कोकणच्या पावसाचा आवाज म्हणताना तो मूळचा कारखान्यात घडला आहे, हे आपण विसरतो.

पन्हळी पत्र्याचा शोध त्याहून जुना. हेन्री पामर या अभियंत्याने लंडनमध्ये १८२९ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे तो शाळेच्या पडवीवर, गोठ्यावर, मंडपावर आणि गरिबाच्या खोलीवर बसला. पत्र्यावर जोराची सर आली की बोलणे अशक्य होते. शिक्षक खडू खाली ठेवतात, मुले उगाच हसतात. कौलारू चर्चमध्येही कधी प्रवचनाच्या मध्येच सर कोसळे, आणि वेदीवरचे धर्मगुरू क्षणभर थांबून राहत. त्या विरामात शेदोनशे माणसे एकच आवाज ऐकत बसलेली असत. पुढे ध्वनिक्षेपक आला आणि थांबण्याचे कारण उरले नाही.

अखेरीस स्लॅब आला. स्लॅब गळत नाही, निदान काही वर्षे तरी. कौले चाळावी लागत नाहीत, वर मजला चढवता येतो. ज्यांनी गळक्या छपराखाली रात्रभर पातेली मांडून ठेवली आहेत, त्यांनी स्लॅब घातला तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पावसाचा आवाज सर्वांना अंगाईसारखा वाटत नसतो. होडी समुद्रात असलेल्या घरात तो आवाज निराळा ऐकू येतो, आणि खाचराच्या बांधावर कान ठेवून झोपलेल्या शेतकऱ्याला आणखी निराळा.

मग पाठीमागच्या आवाजाचा माणसावर खरोखर परिणाम होतो काय, की ही नुसती हळहळ आहे? याची काही मोजमापे झालेली आहेत. न्यूयॉर्कमध्ये उन्नत लोहमार्गाला अगदी खेटून एक शाळा होती. मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी सहकाऱ्यासह १९७५ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच शाळेत, त्याच अभ्यासक्रमाने शिकणारी, पण रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडली होती. वरच्या इयत्तेत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होते. मुलांना त्या आवाजाची सवय झाली होती, पण सवय होणे आणि परिणाम न होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढे रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे तक्ते लावले. १९८१ च्या पाहणीत ते अंतर नाहीसे झालेले आढळले.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. लंडनमधील डॉक्टरांनी १९९० साली चाळीस नवजात बालकांवर एक साधा प्रयोग केला. वीस बाळांना पावसाच्या झडीसारखा अखंड, सपाट आवाज ऐकवला. त्यांपैकी सोळा पाच मिनिटांच्या आत झोपली. आवाज न ऐकवलेल्या वीसांपैकी त्या वेळात झोपली केवळ पाच. कारण असे की, झोप मोडतो तो आवाजातला अचानक बदल. दार आपटते, कुत्रे भुंकते, कोणी नाव घेऊन बोलते, आणि मन पहाऱ्यावर उभे राहते. संततधार पाऊस या तुटक आवाजांवर पांघरूण घालतो आणि स्वतः मात्र काही मागत नाही. म्हणून पावसाच्या रात्री गाढ झोप लागते. आणि म्हणूनच पाऊस मध्यरात्री एकाएकी थांबला की जाग येते.

जो आवाज काही मागत नाही, त्याच्याविषयी एका संन्याशाने लिहून ठेवले आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात गेथसेमनी येथे ट्रॅपिस्ट संघाचा मठ आहे. तेथले फादर थॉमस मर्टन मठाजवळच्या रानातील एका साध्या झोपडीवजा घरात एकांतासाठी राहू लागले होते. त्या छपरावर रात्रभर पडलेल्या पावसावरचा त्यांचा निबंध १९६५ साली एका प्रवासविषयक मासिकात आला आणि पुढील वर्षी पुस्तकात समाविष्ट झाला. पाऊस कोणाच्या हिशेबात बसत नाही, त्याचे बोलणे निरुपयोगी आहे आणि म्हणूनच ते ऐकण्यासारखे आहे, असा त्यांचा भाव आहे. दूरवर लष्करी तळावरच्या तोफांचे आवाजही त्यांना ऐकू येत होते. जे फुकट आहे त्याला किंमत नाही असे मानणारे लोक एक दिवस पाऊसही विकायला काढतील, अशी शंका त्यांनी तेथेच बोलून दाखवली.

ती शंका खरी ठरायला दहा वर्षेही लागली नाहीत. अर्विंग टायबेल या ध्वनिमुद्रकाने १९६९ मध्ये न्यूयॉर्कला समुद्राच्या लाटांची तबकडी बाजारात आणली, आणि १९७४ मध्ये त्याच मालिकेत पाइनच्या रानातला मंद पाऊस आला. शहरातल्या खोलीत लावून ठेवावा, मन शांत होते, अशी त्याची जाहिरात होती. आज मोबाइल फोनवर पत्र्यावरचा पाऊस, तंबूवरचा पाऊस, जुन्या छपरावरचा पाऊस असे प्रकार निवडता येतात. पाऊस आत येऊ नये म्हणून आपण आधी खर्च केला आणि त्याचा आवाज आत यावा म्हणून आता पुन्हा करतो. या ध्वनिमुद्रित पावसाने झोप येते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यात आपली केळ नसते, आपली विहीर नसते. जॉन हल यांना पावसाने त्यांचीच बाग परत दिली होती. मुद्रित पाऊस कोणा अनोळखी माणसाचे अंगण ऐकवतो.

पाठीमागचा आवाज एकाएकी थांबतो तेव्हाच तो होता हे कळते, याचा प्रत्यय आपल्या पिढीला दोनदा आला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३. गाड्या थांबल्या, वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. ज्यांची माणसे त्या रात्री घरी पोचली नव्हती त्यांनी पावसाखेरीज दुसरे काहीच ऐकले नाही. लोकलची धडधड ही मुंबईच्या कुटुंबांना सर्व ठीक आहे असे सांगणारी खूण होती, हे त्या रात्री समजले. दुसरा प्रसंग २५ मार्च २०२० पासूनचा. टाळेबंदीत जगभरच्या भूकंपमापक यंत्रांनाही फरक जाणवला. माणसाच्या हालचालींमुळे जमिनीत सतत उठणारी बारीक कंपने काही काळ निम्म्यापर्यंत घटल्याचे शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी जुलैमध्ये जाहीर केले. त्या दिवसांत चर्चची दारे बंद होती. परंतु पाखरांचे आवाज, दूरची हाक, आणि जेथे घंटा वाजत होती तेथे ती, हे सारे कधी नव्हे इतक्या लांबवर पोचत होते.

आपल्या देशात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालून दिली आहे. नियम हवेतच, मिरवणुकीच्या रात्री आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या कोणालाही ते पटेल. पण नियम आवाज कमी करू शकतो, कान तयार करू शकत नाही. शेफर आपल्या विद्यार्थ्यांना एक साधा अभ्यास देत: काही वेळ नुसते बसा आणि जे जे ऐकू येईल ते लिहून काढा. आपल्या घरांतून हे करण्यासारखे आहे. पहिल्या पावसाच्या रात्री पंखा आणि दूरदर्शन संच थोडा वेळ बंद करून, खिडकी उघडून, आजीआजोबांना विचारावे की पूर्वी या वेळी येथे काय काय ऐकू येत होते. रहाटाचा आवाज कसा होता हे सांगू शकणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. आपल्या चर्चच्या घंटेचा आवाज कोणत्या वाडीपर्यंत पोचतो, पूर्वी कुठवर पोचत असे, याची नोंद एखाद्या युवक मंडळाने केली तर ते गावाच्या इतिहासाचे पान होईल. घंटेवरची अक्षरे पुष्कळांनी उतरवून घेतली आहेत. तिचा नाद कोणी उतरवून घेतलेला नाही.

पवित्र शास्त्रात राजांच्या पहिल्या पुस्तकात एलिया संदेष्ट्याच्या कथेचे दोन अध्याय लागोपाठ येतात. अठराव्या अध्यायात दीर्घ दुष्काळानंतर आकाश अजून निरभ्र असतानाच एलिया अहाब राजाला सांगतो की, मोठ्या पावसाचा आवाज मला ऐकू येत आहे. हाताच्या तळव्याएवढा ढग समुद्रावर दिसतो तो त्यानंतर. एकोणिसाव्या अध्यायात तोच एलिया होरेब डोंगरावर उभा राहतो, तेव्हा वादळात, भूकंपात आणि अग्नीत त्याला परमेश्वर भेटत नाही. भेटतो तो त्यांच्यामागून आलेल्या मंद, सौम्य स्वरात. या दोन प्रसंगांचा परस्परसंबंध आपण सहसा लक्षात घेत नाही. न आलेला पाऊस ज्याच्या कानांनी ऐकला, त्यालाच तो सौम्य स्वरही ऐकू आला.

जुनी घरे जाणार, स्लॅब राहणार, आणि तसे होणेच युक्त आहे. तरी नव्या घराच्या मागल्या पडवीवर चार हात जागेत जुनी कौले पुन्हा मांडायला फार खर्च येत नाही. पाऊस लागला की मुले तिथे जाऊन बसतात. त्यांना कोणी सांगावे लागत नाही.